नाव ठेवलेले नाही

तिन्ही संस्थांचं एकदाचं जमलं, म्हणजे वाटणी झाली:
पाहुण्यांची निजायची सोय तलावपाळीच्या कलादालनाकडे,
जेवण वागळे इस्टेटच्या शेडवाल्यांकडे,
खुर्च्या आणि प्रोजेक्टर कोलशेतच्या शाळेचे.
पाट्या माझ्याकडे.

चरईत माझं फ्लेक्सचं दुकान.
वाढदिवस, दहावीचे गुण, भावपूर्ण श्रद्धांजली;
फोटो बदलतो, फुलांची चौकट तीच.
या वेळी तीन बाय पाचचे सनबोर्ड, पांढरे, बिनफुलांचे.
क्वाबेना, घाना.
रोसाउरा, पेरू.
लीसबेत, पार एस्टोनियाची,
जिचं नाव मी तीन तऱ्हांनी टाइप करून दाखवलं
आणि तिने तिन्ही वेळा मान डोलावली.

अडलं ते कामांच्या नावांपाशी.
यादीत सतरा कामं, त्यातल्या अकरांपुढे एकच शब्द: अनटायटल्ड.
कलादालनाच्या कर्णिकबाई म्हणाल्या, 'अनामिका' लिहा.
शेडवाला ऋत्विज म्हणाला, लग्नपत्रिका वाटेल, 'शीर्षक नाही' लिहा.
कुणी 'शीर्षकहीन' सुचवलं,
मला ते संस्कारहीन ऐकू आलं.
शाळेचे ठोंबरे सर शेवटी बोलले:
नाव ठेवलेले नाही, एवढंच लिहा की.
मी म्हटलं, सर, आपल्यात बाराव्या दिवशी नाव ठेवतात
आणि तेराव्या दिवसापासून नावं.
फरक एका टिंबाचा.
सर हसले. मी तेच छापलं,
अकरा प्रती, टिंब सांभाळून.

लीसबेतचं काम म्हणजे एक मांजरपाटाचं कापड.
पुनवेला खाडीत बांबूला उभं बांधलेलं,
अष्टमीला सोडून आणलेलं.
गाळाच्या रेघा, एकीखाली एक,
जसं पाणी रोज थोडं कमी चढत गेलं.
उद्घाटनाला माणसं त्याच्यापुढे उभी राहिली,
हात मागे बांधून,
डॉक्टरांनी फिल्म दिव्यापुढे धरावी आणि आपण
कळल्यासारखं बघत राहावं, तशी.
माझ्या मेव्हण्याने विचारलं, धुतलं तर निघेल का?

आणि मग हाशुराम ठाकूर पुढे आले.
खुर्च्यांच्या टेम्पोबरोबर आलेले, शाळेचे शिपाई.
तरुणपणी रेतीसाठी खाडीत बुड्या मारायचे,
उजव्या कानाने अजून पाणीच ऐकतात.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि कापडाला हात न लावता बोटाने वाचत आले खाली.
"हा पुनवेचा पानी. पुरा उधान.
यो दुसऱ्या दिसाचा. यो रातचा, बघा, बारीक हाय.
इथशी भांग लागला."
मधल्या एका रेघेशी थांबले.
"ही पान्याची नाय. बारज गेला आसल, त्याची लाट."

ऋत्विजने इंग्रजीत सांगितलं. लीसबेतने वही काढली,
पानं उलटली,
आणि मंगळवारच्या नोंदीवर नख टेकवून
ती हाशुरामांकडे बघत राहिली.
वहीत एक होडी काढलेली होती, लहान मुलं काढतात तसली.

नंतर ते दोघं खुर्च्या लावत होते. कोणत्या भाषेत, मला माहीत नाही.

उरकताना पाहिलं:
पंख्याच्या वाऱ्याने कापडाचा गाळ थोडा सुटला होता,
एक कण पाटीवर येऊन बसलेला,
नेमका 'व'च्या डोक्यावर.
नावं ठेवलेले नाही.
व्याकरण गेलं. ओलं फडकं माझ्या हातातच होतं.
अकरा पाट्यांतली ती एकच
मी तशी राहू दिली.

पाहुणे गेले. खुर्च्या गेल्या, चार कमी भरल्या,
त्यावरून दोन संस्था अजून बोलत नाहीत.
माझं बिल तिघांत वाटून दिलेलं,
दोघांचे पैसे आले.
तिसऱ्यांनी विचारलंय, पाट्यांवर काही छापलंच नव्हतं ना,
नाव नाही एवढंच होतं,
मग दर तोच कसा?